शुगरची गोळी जेवणाआधी की जेवणानंतर?

"वैनी, रात्री एकच भाकरी खाल्लो, तीबी ज्वारीची. भात नाही, गोड नाही. आणि सकाळी उपाशीपोटी तपासलं तर एकशे ऐंशी. मग ही साखर आली कुठनं?"

बेळगावातल्या शहापुरात आमच्या औषधाच्या दुकानात हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की माणूस काउंटरवर कोपर टेकवून उभा राहिला की मला कळतं, आता हेच येणार. विचारण्यात थोडी तक्रार असते आणि बराच संशय. मीटरवर संशय, गोळीवर संशय, बायकोनं भाकरीच्या पिठात काय मिसळलं यावर संशय, आणि शेवटी माझ्यावर.

ती साखर भाकरीतली नव्हतीच. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी रक्तात दर डेसिलिटरला, म्हणजे शंभर मिलिलिटरला, शंभर मिलिग्रॅमच्या आत ग्लुकोज असतं. गुणाकार करून बघा, सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅमही भरत नाही. चहाचा एक चमचा. आणि एकट्या मेंदूला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं, तो रात्री झोपेतही ते घेतच असतो. मग हा एक चमचा सकाळपर्यंत पुरतो कसा? तर यकृत रात्रभर, तासाला सात-आठ ग्रॅमच्या हिशेबानं, रक्तात ग्लुकोज सोडत राहतं. आधी साठवणीतलं, ते कमी पडायला लागलं की प्रथिनांच्या तुकड्यांपासून आणि लॅक्टेटपासून नवं तयार करून. "आता पुरे" हे यकृताला सांगायचं काम इन्सुलिनचं. टाईप २ मधुमेहात इन्सुलिन असतं, पण यकृत त्याचं धड ऐकत नाही. त्यात पहाटे अंग उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स वाढतात आणि ती यकृताला आणखी साखर सोडायला लावतात. भाकरी एक खाल्लेली असो की दोन, सकाळच्या आकड्यात मोठा वाटा यकृताचा.

म्हणून कुणी नुसतं "शुगरची गोळी द्या" म्हणालं की मी जुनी स्ट्रिप बघायला मागते. यकृतावर काम करणारी गोळी वेगळी, स्वादुपिंडावरची वेगळी, आतड्यातली वेगळी, मूत्रपिंडातली वेगळी. कुठली जेवणाआधी, कुठली पहिल्या घासाबरोबर, उपासाच्या दिवशी कुठली अंगाशी येईल, हे सगळं ती कुठं काम करते त्यावरून ठरतं. पण लोक गोळी ओळखतात रंगावरून आणि आकारावरून. "ती पांढरी, लांबुळकी." आणि स्ट्रिप अशी कापून आणतात की नाव छापलेला तुकडा नेमका घरी राहिलेला असतो. आमच्याकडे गिऱ्हाईक मराठी आणि कानडी दोन्ही. "ऊटक्क मोदल" म्हणजे जेवणाआधी आणि "ऊट आद म्याल" म्हणजे जेवणानंतर, एवढं कानडी इथं मेडिकलमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला येतंच. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी पाकिटावर ताट काढते. ताटाच्या डावीकडे टिंब म्हणजे आधी, उजवीकडे टिंब म्हणजे नंतर, आणि ताटातच टिंब म्हणजे जेवताना. त्या ताटातल्या टिंबाबद्दल पुढं सांगते, ती गंमत वेगळीच आहे.

ती पांढरी लांबुळकी म्हणजे बहुतेक वेळा मेटफॉर्मिन. टाईप २ चं निदान झालं की बहुतेकांच्या चिठ्ठीवर पहिलं नाव हेच. पाचशे किंवा हजार मिलिग्रॅमची, घशात अडकेल की काय असं वाटायला लावणारी. ही गोळी यकृतात जाऊन नवं ग्लुकोज तयार करण्याचा वेग कमी करते. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे ऊर्जा तयार होते त्या जागेच्या कामात ती थोडी आडकाठी घालते, मग यकृताच्या पेशीला ग्लुकोज बनवण्याचा खर्च परवडत नाही. आतड्यातही तिचं काही काम चालतं. नेमका कुठला परिणाम किती, यावर शास्त्रज्ञांची चर्चा अजून संपलेली नाही. पण एक गोष्ट पक्की: ती स्वादुपिंडाला इन्सुलिन काढायला ढोसत नाही. म्हणून एकटी मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर एकदम खाली पडायची भीती जवळजवळ नसते.

"गोळी म्हणजे नुसतं केमिकल, त्यापेक्षा कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड बरी" असं म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ. मी त्यांना मेटफॉर्मिनचं कूळ सांगते. युरोपात गालेगा ऑफिसिनॅलिस नावाचं जांभळट फुलांचं एक झुडूप आहे. सारखी लघवी होणाऱ्या रोग्याला तिथले जुने वैद्य ते देत. त्यातलं साखर उतरवणारं द्रव्य सापडलं, पण ते विषारी निघालं. त्याच्याच जातकुळीतलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनच्या वर्नर आणि बेल यांनी प्रयोगशाळेत बनवलं. पण तेव्हा इन्सुलिन नुकतंच आलं होतं, याच्याकडे बघतो कोण? १९५७ मध्ये ज्याँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहाच्या रुग्णांना देऊन निष्कर्ष छापले. अमेरिकेनं तर परवानगी द्यायला १९९४ उजाडवलं. तेव्हा झाडपाल्याचा अभिमान असणाऱ्यांनी ही गोळी खुशाल आपली मानावी. फरक एवढाच की हिच्यात किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं. जांभळाच्या पुडीवर तसं काही नसतं, आणि पूड सुरू केली म्हणून गोळी परस्पर बंद करणाऱ्यांचे रिपोर्ट मी बघितलेले आहेत.

मेटफॉर्मिनवर लोकांचा सगळ्यात मोठा राग म्हणजे "हिनं किडनी जाते". जात नाही. उलट आहे. ही गोळी अंगात मोडतच नाही, जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडते. त्यामुळे मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल तर ती अंगात साचते, आणि साचली तर रक्तात लॅक्टिक आम्ल वाढायचा धोका असतो. म्हणून मूत्रपिंड किती गाळतं ते सांगणारा ईजीएफआर नावाचा आकडा तीसच्या खाली गेला की डॉक्टर ती बंद करतात. घरच्यांना दिसतं ते एवढंच की गोळी चालू होती आणि किडनी गेली. बहुतेक वेळा किडनी नेलेली असते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं आणि बीपीनं, आळ मात्र गोळीवर. तिचा खरा त्रास वेगळा: सुरुवातीला पोट ढवळणं, जुलाब, म्हणून जेवणाबरोबर किंवा जेवल्यावर घ्यायची आणि डोस हळूहळू वाढवायचा. आणि खूप वर्षं घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या आल्या की सगळे म्हणतात शुगरच्या मुंग्या, पण बी-१२ कमी झाल्यानंही त्या येतात. शाकाहारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं एकदा बी-१२ तपासून घ्या, असं मी सुचवते.

एक आजोबा एकदा वर्तमानपत्राच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "बघा, तुमची डुप्लिकेट गोळी. जशीच्या तशी खाली पडली." पुढचं वर्णन टाळते. हळूहळू विरघळणाऱ्या मेटफॉर्मिनच्या काही गोळ्यांमध्ये औषध झिरपून जातं आणि मऊ सांगाडा तेवढा शौचातून बाहेर पडतो. औषध अंगात गेलेलं असतं. हे मी त्यांना समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या महिन्यापासून गोळ्या दुसऱ्या दुकानातून घ्यायला लागले. तिथंही तोच सांगाडा निघाला असणार, कारण काही दिवसांनी ते मुकाट्यानं परत आले.

आता धाकटी गोळी. ग्लिमेपिराइड. एक मिलिग्रॅम, दोन मिलिग्रॅम. तळहातावर ठेवली तर हरवेल एवढी. लोकांची पक्की समजूत की मोठी गोळी जोराची आणि छोटी गोळी हलकी. मेटफॉर्मिन घेताना हात कापतो, हिला मात्र बडीशेपेसारखी तोंडात टाकतात. आणि माणसाला खाली पाडते ती हीच.

तिच्या घराण्याचा, म्हणजे सल्फोनिलयुरियांचा शोध साखरेसाठी लागलाच नव्हता. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या दिवसांत, फ्रान्समधल्या माँपेल्ये इथं डॉ. जानबों विषमज्वराच्या रुग्णांवर एक नवीन सल्फा औषध वापरून बघत होते. रुग्णांना घाम फुटायचा, झटके यायचे, काही दगावले. रक्त तपासलं तर साखर तळाला. त्यांचे सहकारी लुबातियेर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की स्वादुपिंड काढून टाकलं तर हे औषध काहीच करत नाही. म्हणजे ते साखरेला हात लावत नाही, ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं. पुढं कळलं ते असं: इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच्या भिंतीत पोटॅशियम बाहेर जायची एक वाट असते. रक्तात साखर वाढली की ती वाट आपोआप बंद होते, त्यानं कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रित्या होतात. ही गोळी ती वाट साखर वाढलेली नसतानाही बंद करते.

आमच्या भागात पावसाळा सरला की संकेश्वर, चिक्कोडी, अथणीकडच्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि गव्हाणीत उसाची मोळी पडते. ग्लिमेपिराइडचा कारभार म्हणजे गव्हाणीत ऊस आलाय की नाही हे न बघता रोलर फिरवत ठेवायचे. जेवण आलं तर ठीक. नाही आलं तर इन्सुलिन रक्तातली ती एक चमचाभर साखरच संपवायला निघतं.

येळ्ळूरच्या एका काकांचं असंच झालं. भाताची लावणी चालू होती. सकाळी गोळ्या घेऊन शेतात जायचे आणि अकराच्या सुमाराला घामानं भिजून बांधावर बसायचे. हात थरथरायचे, कुणी काही विचारलं तर अंगावर ओरडायचे. एरवी इतका शांत माणूस. काकूंनी दृष्ट काढली, लिंबू उतरवून टाकलं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. पिशवीत दोन चिठ्ठ्या होत्या, एक बेळगावची आणि एक मिरजेची. आमच्या या पट्ट्यात दवाखान्याला राज्याची हद्द नसते. निपाणीची माणसं कोल्हापूरला जातात, चंदगडची बेळगावला येतात, खानापूरकडचा मुलगा गोव्यात नोकरीला असला की आई तिकडच्या डॉक्टरला दाखवून येते. काका गुडघ्यासाठी मिरजेला गेले होते, तिथं साखर तपासली, गोळी लिहून मिळाली. बेळगावची चालूच होती, ती बंद करा असं कुणी म्हणालं नाही. एक स्ट्रिप निळी, एक चंदेरी. नावंही वेगवेगळी. मी दोन्ही उलट्या करून शेजारी ठेवल्या आणि काकूंच्या नातवाला मागचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचायला सांगितलं. पोरानं वाचलं: ग्लिमेपिराइड दोन, मेटफॉर्मिन पाचशे. दुसरी: ग्लिमेपिराइड दोन, मेटफॉर्मिन पाचशे. मग त्यानंच वर बघून विचारलं, "दोनी एकच की ओ?"

डॉक्टरांना फोन लावला, एक स्ट्रिप बंद झाली आणि लावणी पार पडली. कंपनीनं गोळीला दिलेलं नाव पुढं मोठं आणि औषधाचं नाव मागं मुंगीएवढं, ही छपाई कुणाच्या सोयीची आहे हे सांगायला नको. गोळ्यांची पिशवी घेऊनच प्रत्येक दवाखान्यात जायचं, हा त्यावरचा साधा उपाय. रिपोर्टची फाईल नेतात, पिशवी नेत नाहीत.

याच कारणानं एकादशीच्या आदल्या दिवशी मी जरा भोचक होते. आषाढी, सोमवार, संकष्टी, कुणाचे रोजे. उपास करू नका असं सांगण्याचा मला अधिकार नाही आणि सांगून उपयोगही नाही. पण ग्लिमेपिराइड घेणाऱ्यानं उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. गंमत म्हणजे बरेच जण दिवसभर काही न खाता गोळी घेतात, का तर "औषध चुकवायचं नाही", आणि रात्री रताळ्याचा कीस, साबुदाणा, केळी यांचं ताट भरून खातात. मग दुपारी साखर ६० आणि रात्री ३००. रताळी काय, बेळगाव तालुक्यात पिकतात तेवढी सगळी उपासालाच संपावीत अशा बेतानं खपतात.

सत्तरच्या खाली साखर गेली की लगेच तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी आणि सावरल्यावर काहीतरी खाणं, हे आता बऱ्याच घरात माहीत आहे. मी ग्लुकोज म्हणाले, साखर नाही, त्याला कारण आहे. इथं ते ताटातलं टिंब येतं.

व्होग्लिबोस नावाची एक गोळी आहे. अर्धा मिलिग्रॅमही नसते, ०.२ नाहीतर ०.३. ही रक्तात जाऊन काही करतच नाही. तिचं सगळं काम आतड्याच्या अस्तरावर. भात, भाकरी, साखर यांचे मोठे रेणू तोडून सुटं ग्लुकोज करणारी जी विकरं तिथं असतात त्यांना ही अडवून धरते. त्यामुळे जेवणातली साखर रक्तात दाणकन न येता रमत-गमत येते. भात खाणाऱ्या खानापूरकडच्या माणसाला हे औषध डॉक्टर का देतात ते यावरून कळेल. पण ती विकरं अडवायची तर गोळी घासाच्या सोबत तिथं पोचायला हवी. जेवण झाल्यावर तासाभरानं घेतली तर घास पुढं गेलेला असतो. लोक मात्र सगळ्या गोळ्या एका मुठीत, जेवण झाल्यावर, बडीशेपेच्या आधी. म्हणून ताटात टिंब: पहिल्या घासाबरोबर. न पचलेलं पिठूळ पुढं मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पोटात गॅस धरतो. त्याबद्दलची तक्रार घरातली इतर माणसं जास्त करतात.

आणि ग्लुकोजचं कारण हे, की व्होग्लिबोस, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन तिन्ही एकाच गोळीत घातलेली औषधं आपल्याकडे सर्रास लिहिली जातात. ग्लिमेपिराइडनं साखर पाडली आणि घरच्यांनी घाईघाईनं साखरेचं पाणी पाजलं, गूळ दिला, तर साखर आणि गूळ दोन्हीतलं सुक्रोज तोडणारं विकर व्होग्लिबोसनं अडवलेलं असतं. माणूस लवकर सावरत नाही. ग्लुकोज तोडावं लागत नाही, ते तसंच शोषलं जातं. अशी तिहेरी गोळी नेणाऱ्याच्या पिशवीत मी ग्लुकोज पावडरचा डबा टाकते. धंदा करतेय असं वाटत असेल, वाटू दे.

ग्लिप्टिनांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण त्या तक्रारीला जागाच कमी देतात. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन. घास आतड्यात पोचला की आतडं जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडतं, ते स्वादुपिंडाला सांगतं की साखर येतेय, तयार राहा. पण डीपीपी-४ नावाचं विकर त्या हार्मोनचे दोन मिनिटांत तुकडे करतं. ग्लिप्टिन त्या विकराला थोपवते. साखर वाढलेली असेल तरच हे हार्मोन जोर लावतं, त्यामुळे एकट्या ग्लिप्टिननं साखर खाली पडत नाही. जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, तिला फरक पडत नाही. पायोग्लिटाझोन चरबीच्या पेशींवर काम करते, परिणाम दिसायला आठवडे लागतात, पाय सुजू शकतात, हृदय कमजोर असणाऱ्याला देत नाहीत. २०१३ च्या जूनमध्ये सरकारनं तिच्यावर बंदी घातली आणि जुलैत उठवली. त्या मधल्या काळात गिऱ्हाइकांना उत्तरं देताना आमची तोंडं दुखली.

मला खरं बोलायचंय ते मूत्रपिंडावरच्या गोळ्यांबद्दल. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. मूत्रपिंड दिवसभरात १८० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज रक्तातून गाळतं आणि निरोगी माणसात ते सगळंच्या सगळं परत रक्तात ओढून घेतं. रक्तातली साखर १८० च्या वर गेली की ओढणं पुरत नाही आणि ती लघवीत उतरते. या ओढण्याचं नव्वद टक्के काम एसजीएलटी-२ नावाचं प्रथिन करतं. गोळी त्यालाच अडवते, आणि दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाते. इन्सुलिन असो-नसो, तिला त्याच्याशी देणंघेणं नाही. हिचंही मूळ झाडात आहे. १८३५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य काढलं. ते दिल्यावर प्राण्यांच्या लघवीत साखर उतरते हे त्याच शतकात कळलं. गोळी यायला मात्र २०१२ साल उजाडलं.

साखर लघवीत उतरवायची हाच हिचा धर्म. तेव्हा नोकरीसाठीच्या तपासणीत लघवीत साखर निघाली म्हणून घाबरू नये. ही गोळी चालू असेल तर ती निघणारच. पण साखर जिथून जाते तिथं बुरशीला आयतं खायला मिळतं. बायकांना खाज सुटते, आग होते. आणि हे बोलायचं कुणाशी? डॉक्टर पुरुष, घरी सून, मेडिकलमध्ये बसलेला एखादा तरुण पोरगा. आमच्या दुकानात मी असते म्हणून वडगावच्या माग चालवणाऱ्या मावशी गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभ्या राहतात आणि मग हळू आवाजात मलम मागतात. मलम देता देता मी विचारते, शुगरची गोळी अलीकडं बदललीय का? मान हलते. कित्येकींनी तर ते दुखणं अंगावर काढलेलं असतं, गोळीशी त्याचा संबंध आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. चिठ्ठी लिहिताना दोन वाक्यं जास्त बोलली असती: स्वच्छता ठेवा, पाणी भरपूर प्या, खाज आली तर लाजू नका. एवढ्याला किती वेळ लागतो?

आणखी एक, हे गंभीर आहे. उलट्या-जुलाब चालू आहेत, अन्न पोटात टिकत नाही, किंवा कडक निर्जळी उपास आहे, अशा वेळी ही गोळी चालू ठेवली तर मीटरवर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, वाढू शकतात. ऑपरेशनच्या आधी काही दिवस ती थांबवतात ते यासाठीच. तेव्हा आजारात ही गोळी घ्यायची की थांबवायची हे लगेच फोन करून विचारावं.

तरीही या गोळ्यांचं मोल मी कमी करणार नाही. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीत हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी झालेले दिसले, आणि नंतर मूत्रपिंडालाही यांचा आधार होतो हे दिसून आलं. आता हृदय थकलेल्या माणसाला मधुमेह नसतानाही डापाग्लिफ्लोझिन देतात. "मला शुगर नाही ओ, मग ही शुगरची गोळी कशाला?" म्हणून चिठ्ठी परत करायला निघालेल्या माणसाला हे सांगून थांबवावं लागतं.

किंमतीचं गणितही याच गोळ्यांनी बदललं. व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ च्या अखेरीस संपलं, डापाग्लिफ्लोझिनचं २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. पेटंट संपलं की भारतीय कंपन्यांच्या स्ट्रिपांचा पूर येतो आणि भाव धाडकन खाली. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या बहुतेकांना औषध खिशातून घ्यावं लागतं, तेव्हा हा पूर चांगलाच. पण मागावर काम करणारा माणूस स्वस्त स्ट्रिप हातात घेऊन उलटी-पालटी करतो आणि विचारतो, "वैनी, ही कमी पॉवरची काय?" आधी तीच गोळी महाग होती तेव्हा परवडत नव्हती, आता स्वस्त झाली तर भरवसा बसत नाही. मागचं बारीक अक्षर पुन्हा वाचून दाखवते. मिलिग्रॅम तेवढेच, औषध तेच.

नव्यांमधली एक, आणि वेळेच्या बाबतीत सगळ्यात तिरसट, ती तोंडानं घ्यायची सेमाग्लुटाइड. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, २०२२ पासून आपल्याकडे आहे. हे मूळचं इंजेक्शनचं औषध; जीएलपी-१ सारखंच काम करणारं प्रथिनाच्या जातीचं, पोटात गेलं की पचून जाणारं. म्हणून तिच्यात एक खास क्षार घातलेला असतो, तो जठराच्या भिंतीपाशी तिला आम्लापासून सांभाळतो. इतकं करूनही शंभरातला एक भागसुद्धा रक्तात पोचत नाही. तो तरी पोचावा म्हणून अट अशी: सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, अर्ध्या कपापेक्षा जास्त पाणी नाही, आणि नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, दुसरी गोळीही नाही.

ही चिठ्ठी घेऊन टिळकवाडीचे एक निवृत्त मास्तर आले होते. भाव ऐकून त्यांनी डोळे मिटले नाहीत, वजनही कमी होतं म्हटल्यावर खूश झाले. अर्ध्या तासाची अट ऐकली आणि चेहरा उतरला. "म्हणजे उठल्या उठल्या चहा नाही?" नाही, मास्तर. "बिनसाखरेचाबी नाही?" तोही नाही. त्यांनी बराच विचार केला आणि गजर अर्धा तास आधी लावायचं ठरवलं. आता रोज पाचला उठतात, गोळी घेतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. साडेपाचला जो चहा होतो त्यात साखर अजून दोन चमचे असते, असं त्यांच्या बाई परवा बीपीची गोळी न्यायला आल्या तेव्हा माझ्या कानात सांगून गेल्या.